सिस्टीम खरोखरच बंद आहे

खरेसाहेबांचं आडनाव खरे नव्हतं. आडनाव भलतंच होतं आणि ते पगारपत्रकाखेरीज कुठे सापडतही नसे. पण जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत दोन नंबरच्या खिडकीमागे बसणाऱ्या ह्या गृहस्थांनी 'मी आयुष्यात कधी खोटं बोललो नाही' हे वाक्य इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवलं होतं, की कुणीतरी वैतागून त्यांना खरेसाहेब म्हणायला सुरुवात केली. चिडवायला ठेवलेलं नाव ह्यांनी मानाने मिरवायला घेतलं. आता अशा माणसाला चिडवणार तरी कसं!

माणूस तसा वाईट नव्हता. लाच खात नसे. ऑफिसचं पेन घरी नेत नसे. रजा टाकायची तर 'पोटात दुखतंय' असं न लिहिता 'कंटाळा आला आहे' असं लिहायचा आणि वर ते सगळ्यांना दाखवायचा. फक्त काम करणं त्याच्या जिवावर यायचं. सकाळी आल्यावर खुर्ची पुसायची, टेबल पुसायचं, मग चष्मा पुसायचा, आणि तो डोळ्यांवर चढवून समोरच्या रांगेकडे असं बघायचं, जणू ही सगळी माणसं न सांगता त्यांच्या घरी मुक्कामाला आली आहेत. दोन-चार दाखले निघाले की चहा. चहा झाला की शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी राजकारण. मग पुन्हा एखादा दाखला, त्यातही कुणाच्या तरी आईचं नाव चुकलेलं, आणि मग जेवणाची वेळ होतेच.

आता रांग म्हटली की रांगेला कारण द्यावं लागतं. सगळ्या जगातल्या खिडक्यांमागे जे कारण चालतं तेच इथेही चालायचं. 'सिस्टीम बंद आहे.' ह्या तीन शब्दांत काय ताकद आहे म्हणून सांगू! भांडायला बाह्या सरसावून आलेला माणूस हे ऐकलं की गपकन मऊ पडतो. सिस्टीमशी कोण भांडणार? तिला ना तोंड ना कान. माणसं मुकाट्याने कागद पिशवीत घालून निघून जायची आणि उद्या यायची.

पण खरेसाहेबांना हे वाक्य बोलताना घशाशी यायचं. का? तर ते खोटं होतं म्हणून. लोकांना हेलपाटे पडतात म्हणून नव्हे हं, गैरसमज नको! लोकांच्या हेलपाट्यांबद्दल त्यांना काहीच वाटत नसे. आपल्या तोंडून असत्य बाहेर पडतं, हे मात्र त्यांना फार लागायचं.

एकदा तर शोभाच झाली. खरेसाहेबांनी 'बंद आहे' म्हटलं आणि खिडकीपुढच्या बाईने मान वाकडी करून आत डोकावलं. पडद्यावर पत्त्यांचा डाव अर्धा लावून ठेवलेला.

"अहो साहेब, चालू दिसतंय की!"

रांगेत हशा पिकला. खरेसाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चहाला उठताना पडद्याचं बटण दाबायला सुरुवात केली. पडदा काळा. हे बरं जमलं असं वाटतंय तोवर रांगेत एक इलेक्ट्रिशियन निघाला. तो म्हणाला, "साहेब, नुसता पडदा मिटलाय तुम्ही. खालच्या डब्यातला पंखा फिरतोय, मला इथवर ऐकू येतो." झालं! पुन्हा हशा. बरं, कॉम्प्युटर रीतसर बंद करावा तर तो आधी बंद व्हायला वेळ घेई आणि पुन्हा सुरू व्हायला त्याहून जास्त. चहा संपला, गप्पा संपल्या, तरी हा आपला गोल गोल फिरतोय. मग खरोखरच काम अडून राहायचं, आणि मोठ्या साहेबांपुढे त्याचा जाब द्यावा लागायचा.

म्हणजे खरेसाहेबांना असं काहीतरी हवं होतं, की एका क्षणात सगळं काळंठिक्कर, पंखासुद्धा गप्प, आणि परत आल्यावर एका क्षणात जिथल्या तिथे सुरू. सत्यालाही धक्का नाही, चहालाही नाही.

ते त्यांना त्यांच्या लेकीने दिलं.

लेक एकुलती एक. बारावी झालेली, बोटं सतत कशात ना कशात. घरातला मिक्सर तीच उघडायची, शेजाऱ्यांच्या सायकली तीच दुरुस्त करायची. आणि तिचा बापावर जीव. जीव म्हणजे किती, तर मैत्रिणींमध्ये काही पैज लागली की ती म्हणायची, "माझ्या बाबांना विचारा, ते खोटं सांगणार नाहीत." शाळेत 'माझे आदर्श' म्हणून तिने त्यांच्यावरच लिहिलं होतं. आई हे ऐकून स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात आपटायची, पण तोंडाने काही बोलायची नाही. एवढा संसार केल्यावर बाईला नवऱ्याच्या खरेपणाचं वजन माहीत असतंच.

एका रविवारी दुपारी खरेसाहेब लेकीशेजारी खुर्ची ओढून बसले.

"कॉम्प्युटर झटकन झोपवायचा आणि झटकन उठवायचा, असं काही करता येतं का गं?"

"स्लीप ना? त्याला काय लागतंय! डेस्कटॉपवर शॉर्टकट करून देते. पण तुम्हीच करा, म्हणजे ऑफिसातही जमेल. मोकळ्या जागेवर उजवं बटण दाबा."

"मोकळी जागा आहे कुठे?"

खरंच नव्हती. त्यांनी पडद्यावर एवढा पसारा करून ठेवला होता, की मागचं चित्र डोंगराचं आहे का समुद्राचं हे कळायला मार्ग नव्हता. लेकीने थोडी आवराआवर केली. उजवं बटण, मग 'न्यू', मग 'शॉर्टकट'. एक चौकट उघडली. तिच्यात एक लांबलचक इंग्रजी ओळ टाइप करायची होती. शब्दांना ना अर्थ ना उच्चार, मध्ये एक टिंब, एक स्वल्पविराम, शेवटी शून्य-एक-शून्य.

"ह्यात एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं ना बाबा, तर चालणार नाही."

वर्षानुवर्षं लोकांची नावं, बापांची नावं, गावांची नावं चुकीची टाइप करून 'दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज करा' म्हणणाऱ्या ह्या माणसाने ती ओळ जीव ओतून टाइप केली. एकेक अक्षर बोटाने शोधलं, कागदाशी ताडून पाहिलं, मोठ्याने वाचलं. पहिल्यांदा स्वल्पविरामापुढे जागा सुटली, ती परत येऊन बुजवली. एवढी निगराणी कचेरीत झाली असती तर निम्मी रांग ओसरली असती, पण असो.

डबल क्लिक केलं. पडदा काळा झाला. पंखा थांबला. खरेसाहेबांनी कान लावून खात्री केली. आनंदाने त्यांचा चेहरा फुलला. पण उठवायला गेले तर तो काही लवकर उठेना. बटणं दाबली, माउस हलवला, शेवटी डब्याचं बटण दाबावं लागलं आणि मग सावकाश तो शुद्धीवर आला.

"हायबरनेट झालं बाबा. ते चालू असलं की हीच ओळ त्याला फार खोल नेते. थांबा, ते बंद करते."

"खोल नको. डुलकी हवी. मी परत आलो की लगेच जागं व्हायला हवं."

"आणि जागं झाल्यावर पासवर्ड?"

"छे छे! तोही काढ."

लेकीने कसा काढायचा ते दाखवत काढला. मग चित्र निवडायची वेळ आली. चित्रांच्या ढिगातून खरेसाहेबांनी एक हिरवंगार झाड पसंत केलं. खाली नाव काय द्यायचं? लेक 'स्लीप' लिहायला निघाली होती. खरेसाहेबांनी तिचा हात धरला आणि लिहायला लावलं, 'ऊर्जाबचत'.

"वीज वाचवायला करताय होय हे!" लेकीच्या डोळ्यांत कौतुक मावेना.

"वाचते ना वीज?" खरेसाहेबांनी विचारलं.

"वाचते की."

बघा हं, ते 'हो' म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं. खोटं बोलायचं नाही म्हणजे नाही.

सोमवारपासून दोन नंबरच्या खिडकीत सत्ययुग अवतरलं. चहाची वेळ झाली की खरेसाहेब झाडावर दोनदा टिचकी मारत. पडदा काळा. मग ते काय करत, तर अख्खा मॉनिटर उचलून, वळवून, काचेला टेकवून रांगेला दाखवत. "बघा. स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पंखा ऐका. सिस्टीम बंद आहे. मी खोटं सांगत नाही." रांग बघायची. इलेक्ट्रिशियनसुद्धा परत आला होता, त्यानेही कान लावला आणि मान डोलावली. माणसं 'निदान दाखवलं तरी' असं म्हणत परत जायची. दाखला न मिळता समाधान मिळून जाणारी रांग खरेसाहेबांनी पहिल्यांदाच पाहिली, आणि त्यांना स्वतःबद्दल फार बरं वाटलं.

त्या रांगेत एक नर्स होती. पांढरा गणवेश, पायात कॅनव्हासचे बूट, ड्यूटी संपवून थेट यायची. तिला आईच्या मृत्यूचा दाखला हवा होता. तिने तो काळा पडदा तीनतीनदा पाहिला. चौथ्या खेपेला खरेसाहेबांनी पडदा न दाखवता तिचा अर्ज पाहिला आणि सांगितलं, की ही नोंद आमच्याकडची नाहीच, नदीपलीकडच्या शाखेत जा. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. पण पहिल्या दिवशी सिस्टीम बंद होती ना!

आता नशीब कसं असतं बघा. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मोठे साहेब अचानक फेरीवर आले. सगळ्या खुर्च्या रिकाम्या आणि सगळे पडदे लख्ख पेटलेले. फक्त दोन नंबरचा कॉम्प्युटर गपगार. मोठ्या साहेबांनी चौकशी केली. खरेसाहेब तोंड पुसत धावत आले आणि म्हणाले, "साहेब, वीज वाचते."

झालं! मोठे साहेब विजेच्या बिलावरून वरच्यांची बोलणी खाऊन कावलेलेच होते. त्यांनी खरेसाहेबांना असं काही हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की विचारू नका. परिपत्रक निघालं. शहरातल्या यच्चयावत शाखांमध्ये प्रत्येक पडद्यावर हिरवं झाड लावावं. खरेसाहेबांचा गुच्छ देऊन सत्कार झाला, त्याचा फोटो शाखाशाखांत पाठवला गेला. प्रशिक्षणवर्गात ते टाय लावून उभे राहिले आणि ती लांबलचक ओळ फळ्यावर लिहून दाखवली. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "साहेब, खिडकीवर माणसं असताना वापरलं तर चालेल का?" खरेसाहेब गालातल्या गालात हसले. "वीज काय, केव्हाही वाचवावी." सगळा वर्ग खो खो हसला आणि ज्याला जे कळायचं ते कळलं.

महिन्याभरात शहरभर झाडं लागली. बिल उतरलं, त्यात शंका नाही. काम थांबलं की वीज वाचायचीच. मोठ्या साहेबांना बढती मिळाली. घरी लेकीने सत्काराचा फोटो फ्रेम करून भिंतीवर लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली, "कल्पना बाबांची, हात माझा."

त्याच सुमारास लेकीच्या प्रवेशाची यादी लागली. कृत्रिम हातपाय बनवायला शिकवणारी एक संस्था होती. देशात अशा दोनच. लेकीला लहानपणापासून हेच करायचं होतं, आणि तिचं नाव प्रतीक्षायादीत लटकून राहिलं होतं. कुणीतरी जागा सोडली आणि हिचा नंबर लागला. फक्त एक गोष्ट कमी होती. जन्माचा दाखला नव्याने काढलेला हवा होता, ताज्या शिक्क्याचा, आणि तोही शुक्रवारी संध्याकाळी संस्थेची कचेरी बंद व्हायच्या आत. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला.

"बाबा, माझा दाखला नदीपलीकडच्या शाखेत आहे. मी जाऊन आणू का?"

"तू कशाला? आपलंच खातं. चुटकीसरशी आणतो."

सोमवारी चुटकी वाजली नाही. मंगळवारी खरेसाहेबांना प्रशिक्षणवर्ग होता. बुधवारी विसरले. गुरुवारी आठवण झाली तेव्हा शाखा बंद झालेली. बायकोने भांडी आपटली. फोन करून आधी सांगून ठेवता आलं असतं, पण खरेसाहेब कुठेही ओळख लावत नसत, तो त्यांच्या खरेपणाचा दुसरा मोठा खांब. "रांगेत उभं राहू," ते ऐटीत म्हणाले, "चार लोकांसारखं." शुक्रवारी दुपारी बापलेक नदी ओलांडून पलीकडे गेले.

खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभं राहण्याची खरेसाहेबांची ती पहिलीच वेळ. काचेला बोलायचं भोक इतकं खाली असतं हे त्यांना माहीतच नव्हतं. बोलायचं तर कमरेत वाकावं लागायचं, आणि वाकलं की आतल्या माणसाचं तोंड दिसायचं नाही, नुसते हात दिसायचे. रांग तसूभरही हलत नव्हती. बसायला बाक एकच, त्यावर एक म्हातारबाबा पेंगत होते. खरेसाहेबांचे गुडघे कुरकुरायला लागले. "केवढा हा उशीर लावतात!" ते पुटपुटले. लेक म्हणाली, "तुमच्या खिडकीत नाही हो असं होत." खरेसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

आणि तेव्हाच त्यांना ती दिसली. त्यांच्यापुढे दोन माणसं सोडून, पांढरा गणवेश, कॅनव्हासचे बूट. नर्सने सहज मागे वळून पाहिलं. तिची नजर त्यांच्यावर क्षणभर थांबली. खरेसाहेबांनी खिशातून रुमाल काढून तोंडावरून फिरवायला घेतला आणि बराच वेळ फिरवत राहिले.

नर्सचा दाखला मात्र ह्या वेळी निघाला. ती बाजूला होऊन त्यातली अक्षरं तपासत उभी राहिली. पुढची दोन माणसं गेली. लेक खिडकीशी पोचली. आत गोल चष्म्याच्या एक बाई होत्या. त्यांनी अर्ज घेतला, नाव टाइप केलं, नोंद सापडली. नाव बरोबर आहे का हे बघायला मॉनिटर अर्धा बाहेर वळवला. लेकीने वाचलं. "बरोबर आहे." आता फक्त छापायचं राहिलं होतं. लेकीचा चेहरा उजळला. संस्था तिथून एका बसच्या अंतरावर होती आणि हाताशी वेळही होता.

एवढ्यात शिपाई चहा घेऊन आला.

बाईंनी चहाकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. हात माउसवर गेला. टिकटिक. पडदा काळा. मग त्यांनी तो पूर्ण वळवून काचेला टेकवला आणि शिकवल्यासारखं म्हणाल्या, "बघा, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. सिस्टीम बंद पडली. आता सोमवारी या."

खरेसाहेबांनी आपलंच वाक्य ओळखलं. मागे रांगेतून 'आलं का पुन्हा', 'दर वेळचंच आहे' असे आवाज उठले. लेक मात्र घाबरली नाही. उलट तिला हसूच आलं.

"अहो बाई, बंद नाही पडली! चुकून तुमचं बोट झाडावर पडलं. ते हिरवं झाड आहे ना, ते स्लीपचं आहे. कुठलंही बटण दाबा, लगेच उठेल."

बाईंचा कप ओठांशी थांबला. "ए मुली, तुला काय कळतंय त्यातलं? बंद म्हणजे बंद."

"मला नाही कळणार तर कुणाला? मीच केलंय ते! म्हणजे माझ्या बाबांनी. सगळ्या शाखांत त्यांनीच लावलंय. हे काय, इथेच आहेत." ती वळली. केवढ्या अभिमानाने वळली! "बाबा, सांगा ना ह्यांना. नुसतं झोपलंय ना ते?"

सगळी रांग वळली. पेंगणारे म्हातारबाबा जागे झाले. नर्सने दाखल्यातून डोकं वर काढलं आणि ह्या वेळी तिची नजर खरेसाहेबांवर आली ती हललीच नाही. काचेआडून गोल चष्म्याच्या बाईही बघत होत्या. फोटोतला माणूस त्यांनी ओळखला, आणि त्यांच्या डोळ्यांत सरळ सरळ धमकी होती. मला उघडं पाडाल तर स्वतःही उघडे पडाल.

खरेसाहेबांना एवढंच म्हणायचं होतं, 'हो, झोपलंय.' दोन शब्द. खरे होते, आणि पोरीचं सगळं आयुष्य त्या दोन शब्दांवर येऊन टेकलं होतं. पण ते म्हटले की नर्स पुढचा प्रश्न विचारणार होती. मग म्हातारबाबा विचारणार होते. मग सगळी रांग विचारणार होती, की म्हणजे इतके दिवस...? आणि हे सगळं लेकीच्या देखत. त्यांना भीती वाटली. लाजही वाटली, पण भीती जास्त होती. लेक आपल्याकडे उद्यापासून कशी बघेल, ह्याची ती भीती होती.  आपलं नाव वाचलं पाहिजे, जागा काय, पुढच्या वर्षी मिळेल, असा हिशेब त्या एका क्षणात त्यांच्या डोक्यात झाला. झाला, हे खरं आहे. आपण कशाला लपवायचं?

ते खाकरले.

"बंद आहे, बाळा," ते म्हणाले. "कधी कधी पडते बंद. त्या म्हणतात ते बरोबर आहे."

"ऐकलंत?" बाईंनी चहाचा घोट घेतला. "स्वतः साहेब सांगतायत."

लेक बापाकडे बघत राहिली. आधी तिला वाटलं, बाबांना नीट ऐकू आलं नाही. मग वाटलं, गंमत करतायत. मग तिला त्यांच्या हातातला रुमाल दिसला, तो पिळून पिळून दोरी झालेला. तिने नर्सकडे पाहिलं. नर्सने नुसती मान डोलावली, जणू म्हणत होती, हो गं बाई, असंच आहे हे. आणि मग पोरीच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकन निघून गेलं. इतकं पटकन, की खरेसाहेबांना ते धरताही आलं नाही.

ती पुन्हा खिडकीकडे वळली. कागद आत सारायच्या फटीतून तिने हात घातला. बाई "अगं ए!" म्हणेपर्यंत तो कोपरापर्यंत आत गेला होता. बोटं चाचपडत कीबोर्डपर्यंत पोचली आणि तिने सगळ्यांत लांब बटण दाबलं.

पंखा गुणगुणला. पडदा उजळला. त्यावर तिचंच नाव होतं, जसं सोडलं होतं तसं, आणि कोपऱ्यात हिरवं झाड. पासवर्ड कुणी विचारला नाही, तो तिनेच काढून टाकायला शिकवलं होतं.

 रांगेत मागून कुणीतरी एक सणसणीत शिवी हासडली, ती नेमकी कुणाला होती ते सांगता येत नाही. म्हातारबाबा उठून काठी टेकत खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "बाई, चहा गार होऊ द्या. आधी पोरीचा कागद द्या." बाईंनी कप खाली ठेवला. प्रिंटर खडखडला. दाखला बाहेर आला, एकही अक्षर न चुकता.

लेकीने बापाकडे वळून पाहिलं नाही. 'बाबा' म्हणून हाकही मारली नाही. ती रडली असती, ओरडली असती, चार लोकांत वाट्टेल ते बोलली असती तरी खरेसाहेबांना चाललं असतं. त्यांनी मनातल्या मनात जुळवाजुळव सुरूही केली होती. बाळा, तसं नव्हतं ते, तुला सगळं समजावून सांगतो, बंद म्हणजे नेमकं काय ह्याचाही विचार करायला हवा. पण ऐकायला समोर कुणी तरी हवं ना!

बाईंनी शिक्का शाईत बुडवला. आता त्यांचा आवाज अगदी साखरेत घोळलेला होता.

"नेणाऱ्याच्या सोबत घरचं कुणी असलं तर त्यांची सही लागते इथे." त्यांनी काचेतून खरेसाहेबांकडे पाहिलं. खरेसाहेब पुढे सरसावले, खिशातलं पेनही त्यांनी काढलं. "आहे ना गं कुणी सोबत?"

"नाही," लेक म्हणाली. "मी एकटीच आलेय."

बाईंनी एकवार दोघांकडे पाहिलं, सहीच्या जागेवर आडवी रेघ मारली आणि शिक्का उठवला.